कोर्लई लाइटहाऊसच्या नावाने 'परमिट' विकतायत, पैसे भरू नका

अलिबागकडे फिरायला जाणाऱ्यांनी हे जरूर वाचा. "कोर्लई लाइटहाऊस आणि क्लिफ ट्रेल, एक दिवसाची ट्रिप" अशी जाहिरात इन्स्टावर फिरतेय, माणशी 1200 रुपये, त्यात मांडव्याहून गाडी, जेवण, गाइड आणि "लाइटहाऊस व किल्ल्याचं सरकारी परमिट". आम्हा चौघांचे 4800 आधीच यूपीआयने घेतले आणि परमिटची पीडीएफ पाठवली, त्यावर अशोकस्तंभ, गोल शिक्का, क्यूआर कोड, सगळं व्यवस्थित.

मांडव्याला बोटीतून उतरलो तर गाडीचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणे ताई गाडी पंक्चर झालीये, तुम्ही रिक्षा करून साळावच्या पुलापर्यंत या, भाडं जेवणाच्या वेळी देतो. एवढ्या लांबची रिक्षा, सोबत सासूबाई, पण निघालेलो म्हणून गेलो. पुलापाशी एक पोरगा बाइकवर आला, हाच गाइड, तो पुढे आणि आम्ही मागे असं कोळीवाड्यातून लाइटहाऊसच्या खाली पोचलो आणि तिथे त्याने आणखी माणशी 300 मागितले, "पुरातत्त्व फी", नाहीतर किल्ल्यावर सोडणार नाहीत.

माझी नणंद थेट लाइटहाऊसच्या गेटवर गेली आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना पीडीएफ दाखवली. ते बघूनच म्हणाले, असलं परमिट निघतच नाही हो. लाइटहाऊस केंद्र सरकारच्या दीपगृह खात्याचं आहे, बघायचं असेल तर किरकोळ तिकीट तिथेच काढायचं, आणि मागच्या पायऱ्यांनी किल्ल्यावर जायला कोणाला काही द्यायचं नाही. आम्ही वळून बघतो तर पोरगा बाइकसकट गायब, जेवणही गेलं आणि रिक्षाचं भाडंही.

किल्ला मात्र आम्ही बघितलाच, आणि खरंच बघण्यासारखा आहे. पायऱ्या उंच आहेत, दम लागतो, पण वर गेलं की डोंगराची अरुंद धार, एका बाजूला समुद्र आणि दुसरीकडे कुंडलिकेची खाडी. पडक्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी हा निजामशाहीकडून जिंकला, पुढे चिमाजीअप्पांच्या मोहिमेच्या काळात मराठ्यांकडे आला. खाली गावात आजही काही घरांत पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. आणि हा गाइड सासूबाईंना सांगत होता की किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला! पैसे गेले त्याचा राग आहेच, पण महाराजांचं नाव घेऊन लोकांना काहीही सांगायचं याची जास्त चीड आली.

खरी गंमत, म्हणजे गंमत नाहीच, संताप, तो दुसऱ्या दिवशी. "सॉरी मॅडम, रिफंड देतो" म्हणून फोन, व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला, स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात, हे घरातल्या मोठ्यांना आजच समजावून सांगा, कारण तोच फोन सासूबाईंनाही गेला होता. मी फोन कापला, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेला कळवलं, चॅट आणि ट्रान्झॅक्शनचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेत. पैसे अजून आलेले नाहीत. ते पेज बंद झालंय, पण तेच फोटो आणि तीच पीडीएफ वापरून आता दुसऱ्या नावाने रत्नागिरीच्या लाइटहाऊसची ट्रिप विकायला सुरुवात झालीये.