‘अवतार’ संपल्यानंतरचं ‘द प्रॉमिस’ : सात महिने, एक पावसाळा आणि चार वाचनांनंतर

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अ‍ॅनिमेशन मालिकेचे ६१ भाग २००८ मध्ये संपले. अग्निराष्ट्र युद्ध हरलं, तिथला राजपुत्र झुको राजा झाला, नायक आंग (‘अवतार’, म्हणजे चारही तत्त्वं वळवू शकणारा) आणि त्याची सोबतीण कटारा एकत्र आले. पण पृथ्वीराज्यात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या अग्निराष्ट्राच्या वसाहतींचं काय करायचं, हे मालिकेनं सांगितलंच नाही. ‘द प्रॉमिस’ हे इंग्रजी चित्रकथेचं पुस्तक नेमका तोच प्रश्न हातात घेतं. लेखन जीन लुएन यांग यांचं, चित्रं गुरिहिरू या जपानी जोडीची, प्रकाशन डार्क हॉर्सचं. २०१२ मध्ये ते तीन भागांत आलं, प्रत्येक भाग साधारण पाऊणशे पानांचा.

आधी खरेदीचं, कारण तिथंच पैसे वाया जातात. सुटे तीन भाग घेऊ नका. पहिला भाग ऐन तणावात तुटतो, आणि दुसरा हाती नसला की गोष्ट अर्धवट वाटते. तिन्ही भाग एकत्र असलेल्या दोन आवृत्त्या आहेत. लायब्ररी एडिशन मोठ्या आकाराची आणि जाड पुठ्ठ्याची आहे. तिच्या समासात लेखक-चित्रकारांच्या टिपा आहेत, शेवटी कच्ची रेखाटनं आहेत. चित्रकला शिकणाऱ्यानं हीच घ्यावी. कोणती चौकट का बदलली हे तिथं कळतं. ऑम्निबस मऊ पुठ्ठ्याची, लहान आणि स्वस्त. ती मुलांच्या दप्तरात बसते. मात्र बांधणी डिंकाची असल्यानं मधल्या पानांवर कण्याजवळचे संवादफुगे आत ओढले जातात. नवी प्रत एकदम मधे उघडून दाबली तर कणा मोडतो आणि महिन्याभरात पानं सुटायला लागतात. प्रत कण्यावर उभी धरा, पुढून दहा पानं, मागून दहा पानं अशी आळीपाळीनं उघडत हलक्या बोटानं दाबत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुस्तक वर्षानुवर्षं टिकतं.

मालिका न पाहता हे वाचणं व्यर्थ आहे. सगळे भाग पुन्हा बघायला वेळ नसेल तर निदान पर्व २ मधला ‘झुको अलोन’ आणि पर्व ३ मधला ‘द अवतार अँड द फायर लॉर्ड’ पाहा, मग शेवटचे चार भाग. यातला दुसरा सर्वांत महत्त्वाचा. आंगच्या आधीचा अवतार रोकू आणि अग्निराष्ट्राचा तेव्हाचा राजा सोझिन जिवलग मित्र होते, पृथ्वीराज्यातली पहिली वसाहत सोझिननं बळकावली, आणि झुकोच्या अंगात दोघांचंही रक्त आहे, हे सगळं त्या एका भागात आहे. ते डोक्यात असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला झुको आंगकडून जे वचन घेतो त्याचा धक्का पूर्ण बसतो. वचन असं : मी बापासारखा (म्हणजे युद्ध हरलेल्या आधीच्या राजासारखा) झालो तर मला मारून टाक.

आता यू दाओ. या पुस्तकाचा जीव या गावात आहे. शंभराहून अधिक वर्षांची, सर्वांत जुनी वसाहत. तह असा झालाय की वसाहतींतल्या अग्निराष्ट्राच्या लोकांनी परत जायचं. कागदावर हा न्याय आहे : ज्यांनी घेतलं त्यांनी सोडावं. पण महापौर अग्निराष्ट्राचा, त्याची बायको पृथ्वीराज्यातली, आणि मुलगी कोरी अर्थबेंडर, म्हणजे माती-दगड हालचालींनी वळवणारी (तत्त्वं वळवण्याची ही विद्या म्हणजे बेंडिंग). कोरीला कुठं पाठवायचं? झुकोला ठार मारायला जाणारी कोरीच असते, आणि तिचं कारण ऐकून झुकोला तह पाळणं अवघड होतं. कोल्हापूरच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. कागल ओलांडलं की निपाणी. घरात मराठी, बाजारात कन्नड, सोयरीक दोन्हीकडं, आणि १९५६ ची रेषा मधून गेलेली. फरकही ध्यानात ठेवायला हवा. यू दाओ जिंकून वसवलेलं गाव आहे, तिथल्या कारखान्यांत वरच्या जागा एका जमातीच्या आणि राबणारे हात दुसऱ्या जमातीचे. पुस्तक ते लपवत नाही. म्हणूनच ‘सगळे गुण्यागोविंदानं राहत होते’ असलं गुळगुळीत उत्तर इथं मिळत नाही, आणि चौथ्या वाचनालाही कटारा बरोबर की आंग, यावर घरात वाद होतो.

आंगची अर्थबेंडर मैत्रीण टॉफ हिच्या मेटलबेंडिंग (धातू वळवण्याच्या) शाळेचं उपकथानक पहिल्यांदा वाचताना भरीचं वाटतं. तीन नाठाळ विद्यार्थी, त्यात कटाराचा भाऊ सोका याची लुडबुड. दुसऱ्या वाचनात लक्षात येतं की शाळेची इमारत आधी एका फायरबेंडिंग गुरूची होती आणि तो ती परत मागतोय. म्हणजे यू दाओचाच तंटा, एका छपराखाली. ही जुळणी फार आवडली.

उणीव गतीत आहे. आंगचं मन तिसऱ्या भागात इतक्या झरझर बदलतं की रोकूशी त्याचं होणारं भांडण पुरतं उमटत नाही. झुको आणि त्याची प्रेयसी माई यांचा दुरावा दोन-चार पानांत उरकलाय. युद्धाच्या पानांवर सैन्य नेमकं कुठून येतंय हे कळायला मागं जावं लागतं. आंग-कटाराची लाडीगोडी दहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणी वाटते. ती पानं ती उलटतात, हरकत नाही.

चित्रांबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मालिकेत प्रत्येक बेंडिंग खऱ्या चिनी युद्धकलेवर बेतलं आहे : पाणी ताई ची, पृथ्वी हुंग गार, अग्नी उत्तर शाओलिन, वायू बाग्वाझांग, आणि टॉफची शैली दक्षिणी प्रेइंग मँटिस. हालचाल गेली की हे सगळं विरून जायला हवं. गुरिहिरूंनी ते पायांत पकडलंय. तालमीत लाल मातीवर पैलवानाचं ठाण बघितलेल्या डोळ्याला पटकन दिसतं की वजन कुठल्या टाचेवर आहे आणि धक्का कुठून निघणार. वाचताना चेहऱ्याआधी पाय बघा.

इंग्रजी सोपं आहे. मराठी माध्यमातल्या सातवीच्या मुलाला ‘कॉलनी’, ‘हार्मनी’, ‘रिस्टोरेशन’ एवढे शब्द आधी सांगितले की पुढं अडत नाही. मोठ्यानं वाचायला सगळं मिळून दोन-अडीच तास.

पावसाळ्याचं वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या दमट हवेत चकचकीत कागद ओल धरतो, पानं लहरतात. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवलं तर आतच बुरशी येते. उघड्या फडताळात, भिंतीपासून चार बोटं पुढं, उभं ठेवा. जवळ सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दाणे गुलाबी झाले की बदला. कडुलिंबाचा पाला पानांत घालू नका, रंगीत छपाईवर डाग उठतात. प्रत भिजलीच तर मिटून वाळवू नका. असा कागद वाळताना एकमेकाला चिकटतो आणि सोडवताना चित्रासकट फाटतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात अशा कागदाची पुस्तकं याच कारणानं गेली. ओली असतानाच दर दोन पानांत बटर पेपर घाला, पंख्याखाली ठेवा, कागद तासा-तासानं बदला.

पुढचा क्रम : ‘द सर्च’, ‘द रिफ्ट’, ‘स्मोक अँड शॅडो’, ‘नॉर्थ अँड साउथ’. इथपर्यंत यांग-गुरिहिरू जोडी कायम आहे. त्यानंतरच्या ‘इम्बॅलन्स’ला लेखिका आणि चित्रकार दोन्ही नवे, रेषा वेगळी दिसेल. ‘द सर्च’ मात्र आधीच आणून ठेवा. ‘प्रॉमिस’च्या शेवटच्या पानांवर झुकोच्या आईचा धागा पुन्हा वर येतो, आणि तिथं थांबवत नाही.