सॉफ्ट प्लास्टिक ल्युअरसाठी मीठ: वाण्याकडच्या चार मिठांची पारख

घरी सॉफ्ट प्लास्टिक ल्युअर, म्हणजे मासे पकडायची मऊ प्लास्टिकची नकली आमिषं, ओतणाऱ्यांचं सगळं लक्ष प्लास्टिसोल (तापवून साच्यात ओतायचं पातळ पीव्हीसी), रंग, चमकी आणि साचे यांवर असतं. मीठ मात्र स्वयंपाकघरातल्या बरणीतून चमचाभर उचललं जातं. ल्युअरमध्ये बुडबुडे येतात, एका टोकाला मीठ साचतं आणि दुसरीकडे नुसतं प्लास्टिक राहतं, पहिल्याच माशाला गळाचं भोक फाटतं. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा त्या बरणीत सापडतं.

मीठ घालायचं मुख्यतः वजनासाठी. चवीमुळे मासा आमिष जास्त वेळ तोंडात धरतो, असं गोड्या पाण्यातले लोक सांगतात. जिताडा किंवा तांबोशीसाठी खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यातच गळ टाकायचा असेल तर हा मुद्दा फिका पडतो. वजनाचा हिशोब मात्र सगळीकडे लागू आहे. नुसतं प्लास्टिसोल साधारण पाण्याइतकंच जड असतं आणि मिठाची घनता 2.16 आहे. 100 मिली प्लास्टिसोलमध्ये 25 ग्रॅम मीठ घातलं की मिश्रणाची घनता 1.12 च्या आसपास जाते, 50 ग्रॅम घातलं की 1.22. समुद्राचं पाणी 1.025 धरा. म्हणजे 25 ग्रॅमवाला ल्युअर शिशाशिवायही बुडतो, पण सावकाश. गॅरी यामामोटो यांचा सेन्को हा अळीसारखा ल्युअर जिग हेड (गळाला जोडलेलं वजनाचं डोकं) न लावता दोन्ही बाजूंना थरथरत खाली जातो, तो याच भरपूर मिठाच्या जोरावर.

आता मिठांकडे वळू.

पहिली पसंती साध्या बारीक आयोडीनयुक्त मिठाला, म्हणजे टाटा सॉल्टसारख्या व्हॅक्यूम पद्धतीने तयार केलेल्या मिठाला. दाणा एकसारखा, माती नाही, किलोला तीसेक रुपये. आयोडीनमुळे प्लास्टिक बिघडतं हा समज सोडून द्या. 30 ग्रॅम मिठात आयोडीन जेमतेम एखादा मिलिग्रॅम असतं. या मिठाची खरी अडचण दाण्याची. पाकिटातला दाणा जेवणासाठी बारीक असला तरी पातळ, गरम प्लास्टिसोलमध्ये तो झरझर तळाशी बसतो. दाण्याचा आकार निम्मा केला की बसण्याचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे दळण्याचे कष्ट पुरेपूर वसूल होतात. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात थांबत थांबत फिरवा. बोटांमध्ये चोळल्यावर खरखर न लागता पिठीसाखरेसारखं लागलं पाहिजे. भांडं लगेच धुऊन कोरडं करा, नाहीतर पात्यांना गंज धरतो.

दळल्यानंतर भाजायचं, आधी नाही. मिठाच्या दाण्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. कढईत मीठ तडतडतं ते या थेंबांमुळे. दळल्याने दाणे फुटतात आणि ही ओल बाहेर पडायला मोकळी होते. लोखंडी कढईत मंद आचेवर 10 ते 15 मिनिटं परता, तडतड पूर्ण थांबू द्या, मग मैद्याच्या चाळणीतून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढतं. कोकणात पावसाळाभर हीच स्थिती असते, म्हणून जून ते सप्टेंबर आदल्या दिवशी भाजलेल्या मिठावरही विसंबू नका, ओतायच्या आधी पुन्हा गरम करा. ओलं मीठ 170 अंशांच्या द्रवात पडलं की पाण्याची वाफ होते. थोडी ओल असेल तर ल्युअरला जाळी पडते, जास्त असेल तर उकळतं प्लास्टिक हातावर उडतं.

मिठागरातलं खडे मीठ स्वस्त आहे आणि कोकणात सहज मिळतं, तरीही या कामाला ते नको. त्यात मॅग्नेशियम क्लोराईड राहिलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं, कढईत भाजून पुरतं सोडत नाही आणि डब्यात पुन्हा ओढून घेतं. शिवाय मातीचे राखाडी कण फिकट रंगात दिसतात.

सैंधव चालतं. बाजारात मिळणारी भुकटी चाळून घेतली तर निकाल बारीक मिठाइतकाच चांगला येतो, फक्त दाम जास्त आणि पांढऱ्या ल्युअरवर किंचित गुलाबी झाक. पादेलोण मात्र गरम प्लास्टिसोलजवळही आणू नका. त्यातल्या गंधकाचा वास खोलीभर होतो आणि ल्युअरला चिकटून राहतो.

मीठ घालण्याची वेळही सांभाळावी लागते. थंड प्लास्टिसोलमध्ये घातलं तर ते तापेपर्यंत तळाशी थर बसतो आणि तिथेच प्लास्टिक करपतं. आधी मिश्रण तापवून, घट्ट होऊन पुन्हा पातळ आणि पारदर्शक होऊ द्या. 165 ते 170 अंशांना आलं की गरम मीठ थोडं थोडं घालत सावकाश ढवळा. जोरात ढवळलं तर हवा आत जाते. थंड मीठ एकदम ओतलं तर मिश्रण गार पडून गोळा होतं, मग लोक आच वाढवतात आणि रंग पिवळा पडतो. जास्त तापलेलं पीव्हीसी हायड्रोजन क्लोराईड वायू सोडतं. म्हणून काम उघड्या पडवीत, आम्लवायूचा मास्क, चष्मा आणि हातमोजे घालूनच, आणि ही भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. प्रत्येक साचा भरण्याआधी एकदा तळापासून ढवळा.

मीठ वाढलं की ल्युअर कडक होतो, त्यामुळे 25 ग्रॅमच्या पुढे 100 मिलीला 5 ते 10 मिली सॉफ्टनर (प्लास्टिक मऊ करणारा द्रव) लागतो. पारदर्शक रंगात मीठ टाळलेलंच बरं, कारण ते दुधाळ दिसतं आणि चमकी झाकोळते. अॅल्युमिनियमचा साचा काम झाल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर मिठाने त्याला बारीक खड्डे पडतात.

मिठाचे दाणे प्लास्टिकला चिकटत नाहीत, त्यामुळे जितकं मीठ जास्त तितकी पकड कमी. जिथे केंड मासे ल्युअरच्या शेपट्या कुरतडतात त्या खाडीसाठी 100 मिलीला 10 ग्रॅमवर थांबा आणि वजन जिग हेडने भरून काढा.