जुन्या थिएटरची गाइडेड टूर घ्यावी, का तेवढ्याच पैशात प्रयोगाचं तिकीट काढावं? (व्हिएन्ना, पॅरिस, लंडन)

ओळखीतल्या एकीच्या कुटुंबाची पुढच्या मे महिन्यात युरोप ट्रिप ठरतीये, चौघंजण आहेत, त्यात तिचे सासूबाई-सासरे, आणि परवा तिने मला विचारलं की ताई त्या ऑपेरा हाऊसच्या टूर असतात त्या घ्यायच्या का गं, चौघांचे मिळून पाच-सहा हजार तरी एकेका ठिकाणी जातायत. फोनवर अर्धा तास बोलले आणि नंतर वाटलं की हे नीट लिहूनच काढावं, कारण मी गेल्या वर्षी आईला घेऊन व्हिएन्ना, पॅरिस आणि लंडन केलं आणि तिन्हीकडे टूर पण घेतली आणि प्रयोग पण बघितला. त्यामुळे दोन्हीची तुलना करता येते.

तिन्हीकडे उत्तर वेगळं आहे, आणि ते कशावरून ठरतं ते मला शेवटच्या शहरात पोचल्यावर कळलं. पैसे भरायच्या आधी एवढंच शोधा की ते थिएटर मूळचं किती उरलंय. काही उरलंय आणि काही गेलंय असं असेल तर गाइड घ्याच. सगळं शाबूत असेल तर साधं एंट्री तिकीट पुरतं, स्वतः फिरा. आणि सगळंच्या सगळं नव्याने उभारलेलं असेल तर टूरपेक्षा प्रयोग बघा.

हे डोक्यात यायचं कारण म्हणजे थिएटरं जळतात. आपण विचार करत नाही पण लाकूड, कापड, दोरखंड, रंगवलेले पडदे आणि त्याच्या शेजारी दिवे, हे सगळं एका छपराखाली. पूर्वी मेणबत्त्या आणि गॅस होते तेव्हा तर रोजचाच धोका. आई कोल्हापूरची. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ चं, ज्याला आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो, तिथे ती लहानपणापासून नाटकं बघत आली, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. छप्पर गेलं, रंगमंच गेला. आई त्या रात्री झोपली नाही. हे सगळं घेऊन ती माझ्याबरोबर व्हिएन्नाला आली होती.

व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा १८६९ चं. टूर साधारण ४० मिनिटांची असते, माणशी १३ ते १५ युरो धरून चाला (बुक करताना चालू दर बघा), इंग्लिशमधे मिळते. आत शिरल्यावर मोठा संगमरवरी जिना, त्याच्यावर पुतळे, छत सोनेरी, डोळे दिपतात. मग तुम्ही प्रेक्षागृहात जाता आणि काहीतरी खटकतं, इथे एवढी नक्षी नाही, सगळं बरंच साधं आणि सरळ रेषेतलं आहे. नुसतं फिरला असता तर म्हणाला असता की पैसे संपले असतील बांधताना. गाइड सांगतो तेव्हा कळतं की १२ मार्च १९४५ ला, युद्ध संपायला दोन महिने राहिले असताना, अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले आणि प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. पुढचा भाग तेवढा वाचला, म्हणजे जिना, वरचा फॉयर (मध्यंतरात लोक थांबतात ते दालन) आणि राजघराण्याचा चहाचा दिवाणखाना. म्हणजे तुम्ही जिना चढून दारातून आत पाऊल टाकता तेव्हा १८६९ मधून १९५५ मधे येता, आणि ही गोष्ट कोणी बोट दाखवून सांगितल्याशिवाय कळत नाही. ५ नोव्हेंबर १९५५ ला बीथोवनच्या फिडेलिओ या ऑपेराने ते पुन्हा उघडलं.

त्या आगीत १२० पेक्षा जास्त ऑपेरांचं नेपथ्य आणि दीड लाखाच्या आसपास पोशाख गेले असं गाइडने सांगितलं तेव्हा आईने मला मराठीत विचारलं, "कपडेपट पण गेला का गं सगळा?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही, पण बाहेर पडताना जिन्यावर थांबली आणि कठड्याच्या दगडावर हात ठेवून उभी राहिली, बाकीचा ग्रुप खाली गेला तरी. हा वाचलेला भाग आहे हे तिला आता माहीत होतं. माझ्यासाठी त्या १५ युरोंची किंमत तिथेच वसूल झाली.

आणखी एक गोष्ट टूरशिवाय दिसत नाही, ती म्हणजे रंगमंचामागचं काम. तिथे सीझनमधे जवळजवळ रोज वेगळा प्रयोग असतो, त्यामुळे रात्रीचा सेट उतरवायचा, सकाळी तालमीसाठी दुसरं लावायचं, संध्याकाळी तिसरं. आम्ही गेलो तेव्हा माणसं एक अख्खी भिंत ढकलत विंगेत नेत होती आणि एकजण वर बघून ओरडत होता, अगदी आपल्याकडे दौऱ्याचा टेम्पो आल्यावर असतं तसं वातावरण, फक्त मापं दहापट. ज्यांनी कधी हौशी नाटकात सेट लावलाय त्यांनी हे चुकवू नये.

आता दुसरी बाजू. याच ऑपेरात उभं राहून बघायची शेकडो तिकिटं असतात आणि ती त्याच दिवशी विक्रीला काढतात, किंमत टूरच्याच आसपास. म्हणजे तेवढ्याच पैशात अख्खा प्रयोग. खाली, मधल्या बॉक्सच्या बरोबर खालची उभं राहायची जागा मिळाली तर समोर सरळ रंगमंच आणि आवाज असा येतो की मागे वळून बघावंसं वाटतं स्पीकर कुठे आहे, आणि स्पीकर नसतोच, माईक नाही काही नाही. आपल्या संगीत नाटकाच्या जुन्या लोकांना हे लगेच कळेल, आवाज फेकणं काय असतं ते. तुमच्या जागेसमोर कठड्यावर छोटी स्क्रीन असते, त्यावर इंग्लिश भाषांतर येतं, त्यामुळे गोष्ट कळत नाही हा प्रश्न नाही. आणि तिथला एक रिवाज आहे, आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा, मग तुम्ही पाणी प्यायला गेलात तरी ती जागा तुमची, कोणी हात लावत नाही. आईने ओढणी बांधली. शेजारच्या आजोबांनी मान हलवून गाठ पक्की करून दिली.

पण तीन-तीन तास उभं राहणं प्रत्येकाला जमत नाही हो. आईने पहिल्या मध्यंतरापर्यंत दम धरला आणि मग आम्ही निघालो. गुडघे दुखत असतील तर सासूबाई-सासऱ्यांना टूरला पाठवा आणि तरुणांनी संध्याकाळी उभं राहावं, हे व्हिएन्नासाठी सगळ्यात चांगलं. एकच निवडायचं असेल तर मी टूर म्हणेन. आणि जुलै-ऑगस्टमधे जात असाल तर तसंही प्रयोग बंद असतात, तेव्हा टूरच.

पॅरिसचं ऑपेरा हाऊस, पॅले गार्निए, वेगळं. १८६१ ला काम सुरू झालं आणि १८७५ ला उघडलं, आणि ते बऱ्यापैकी जसंच्या तसं उभं आहे. इथे साध्या एंट्री तिकिटावर आत जाऊन तुम्ही आपले आपण फिरू शकता, गाइडेड टूरला त्याहून बरेच जास्त पैसे पडतात. आम्ही गाइडेड घेतली आणि मला मनापासून वाटतं की नसती घेतली तरी चाललं असतं. कारण जिना समोर आहे, पांढरा संगमरवर, कठड्याला लाल आणि हिरवा दगड, वरच्या सज्ज्यांतून लोक खाली बघतायत, आणि तुम्हाला कोणी न सांगता कळतं की हा जिना लोकांनी एकमेकांना बघावं म्हणून बांधलाय. ५४ मीटर लांब फॉयर आहे, तिथे तासभर बसून राहावं असं वाटतं आणि नेमकं तेव्हाच गाइड म्हणतो चला पुढे. ग्रुप मोठा, मागच्यांना ऐकू येत नाही, फोटोला थांबलात की मागे पडलात.

एक गोष्ट तेवढी आधीच माहीत करून जा, मग गाइडची गरज उरत नाही. प्रेक्षागृहाचं छत चित्रकार मार्क शागालने रंगवलेलं आहे, १९६४ चं, निळे-हिरवे-लाल मोठे मोठे रंग, आणि ते आजूबाजूच्या सोन्याशी अजिबात जुळत नाही असं पहिल्यांदा वाटतं. पण मूळचं १९ व्या शतकातलं चित्र खरवडून काढलेलं नाहीये, ते शागालच्या छताच्या वर अजून तसंच आहे, नवं छत त्याच्याखाली वेगळ्या चौकटीवर बसवलंय. मला हे फार आवडलं, जुन्याला धक्का न लावता नवं करता येतं.

मात्र धोका एक आहे आणि तो सगळ्याच चालू थिएटरांत आहे. तालीम किंवा लाइटिंगचं काम असेल तर प्रेक्षागृह बंद. मी एका शहरात, नाव घेत नाही, आगाऊ पैसे भरून टूरला गेले आणि आत तालीम म्हणून आम्हाला दाराच्या काचेतून अंधार दाखवला, पैसे परत नाहीत म्हणाले, बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी आधी त्या दिवसाचं वेळापत्रक बघते, प्रेक्षागृह कधी बंद ते बहुतेक ठिकाणी दिलेलं असतं, आणि दिलेलं नसेल तर ईमेल करून विचारते.

पॅरिसला प्रयोग बघायचा तर १९८९ ला बास्टीचं नवं ऑपेरा झाल्यापासून गार्निएमधे जास्त करून बॅले असतो. म्हणजे भाषेचा प्रश्नच मिटला. स्वस्त तिकिटं असतात पण ती बाजूच्या बॉक्समधली मागची, तिथून अर्धा रंगमंच दिसतो, मान वाकडी होते. मला विचाराल तर साधी एंट्री, सकाळी उघडताना, दोन तास. संपलं.

लंडनचं शेक्सपिअर्स ग्लोब. इथे मी टूरला पंचवीसेक पौंड दिले आणि याच एका ठिकाणचा मला पश्चात्ताप आहे, टूर वाईट होती म्हणून नाही, गाइड तर एक नंबर होता, स्वतः नट असावा असं बोलत होता. पण हे थिएटर १९९७ ला उघडलेलं आहे. मूळचं १५९९ चं, ते २९ जून १६१३ ला प्रयोगात तोफ उडवली आणि ठिणगी छपराच्या गवतावर पडली, त्यात जळलं. परत बांधलं, १६४२ ला नाटकांवर बंदी आली, मग पाडलंच. सॅम वानामेकर नावाचा अमेरिकन नट १९४९ ला तिथे शोधत गेला तर त्याला एका भिंतीवर पाटी तेवढी सापडली, आणि त्या माणसाने पुढची कितीतरी वर्षं घालून हे उभं केलं, उघडायच्या चार वर्षं आधी तो गेला. मूळ जागेपासून दोन-अडीचशे मीटरवर आहे. ओकचं लाकूड, सांधे लाकडी खुंट्यांनी धरलेले, गिलाव्यात चुना आणि बकरीचे केस, वर खरं गवताचं छप्पर, १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमधे परवानगी मिळालेलं पहिलं. सगळं प्रेमाने केलंय. पण ते मुळात नाटक करून बघण्यासाठी बांधलेलं आहे, रिकामं बघण्यासाठी नाही.

संध्याकाळी आम्ही ५ पौंडाच्या तिकिटावर रंगमंचासमोरच्या उघड्या अंगणात उभं राहिलो (आता १० पर्यंतही असतं) आणि दुपारी ऐकलेलं सगळं दहा मिनिटांत आपोआप समजलं. वर आकाश उघडं, प्रेक्षकांवर उजेड, नटाला तुमचा चेहरा दिसतो आणि तो तुमच्याशी बोलतो. एक नट गर्दीतून वाट काढत रंगमंचावर गेला आणि जाताना आईच्या खांद्याला हात लावून "मॅडम, प्लीज" म्हणाला, आई पुढचे दोन दिवस ते सांगत होती. तमाशाचा फड किंवा गावच्या जत्रेतलं नाटक बघितलेल्या माणसाला हे परकं वाटतच नाही. इंग्लिश जुनं आहे, अर्धं कळत नाही, तरी चालतं, गोष्ट वाचून जा फक्त. नियम कडक आहेत, खाली बसायचं नाही, छत्री उघडायची नाही, पाऊस आला तर रेनकोट. उभं राहणं जमत नसेल तर लाकडी बाकाचं तिकीट घ्या, ते महाग आहे, उशी भाड्याने मिळते ती घ्याच. उघड्यावरचे प्रयोग उन्हाळ्याच्या सीझनमधेच असतात, हिवाळ्यात गेलात तर मग टूर ठीक आहे.

मुंबईचं पण विचारलं होतं तिने. आपलं रॉयल ऑपेरा हाऊस, १९११ ला पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर तिथे गायलेत, १९९३ ला बंद पडलं आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन २०१६ ला उघडलं. इथे माझ्या हिशोबाने दोन्ही लागू होतं, काही जुनं काही नवं, त्यामुळे जाणकार माणसाबरोबर हेरिटेज वॉक मिळाला तर सोडू नका. नाही मिळाला तर कुठल्याही कार्यक्रमाचं तिकीट काढा आणि अर्धा तास आधी जाऊन बॉक्स आणि घुमटाखालचं छत बघून घ्या, जेमतेम पावणेसहाशे खुर्च्यांचं आहे, सगळं जवळून दिसतं.

तर तिच्या चौघांसाठी मी असं काढून दिलंय: व्हिएन्नाला चौघांनाही टूर, रात्री दोघांनी उभं राहून प्रयोग आणि ओढणी किंवा मफलर बरोबर ठेवायचा. पॅरिसला चौघांना साधी एंट्री, आदल्या दिवशी वेळापत्रक बघून. लंडनला टूर नाही, सासूबाई-सासऱ्यांना बाकाचं तिकीट, बाकीच्या दोघांना अंगणातलं, आणि ते आत्तापासूनच बुक करायचं, कारण मे-जूनचे शनिवार-रविवार लवकर भरतात.