'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक': रोज एक भाग, ९१ रात्री

रोज रात्री जेवणे आटोपल्यावर एकच भाग पाहायचा, असा नियम करून मी ही मालिका पाहायला घेतली. नेटफ्लिक्सवर २०१३ ते २०१९ या काळात आलेल्या या मालिकेची सात पर्वे आणि प्रत्येकी १३ याप्रमाणे ९१ भाग आहेत. मधले खाडे धरून मला साडेपाच महिने लागले. पुढील मजकुरात कथानक उघड झाले आहे, तेव्हा ज्यांना ते चालणार नाही त्यांनी इथेच थांबावे.

न्यूयॉर्क राज्यातील लिचफील्ड या काल्पनिक तुरुंगात पायपर चॅपमन ही सुखवस्तू गोरी तरुणी शिक्षा भोगायला येते आणि मालिका सुरू होते. पायपर कर्मन यांच्या आत्मकथनाचा आधार मालिकेला आहे. पण मालिकेच्या निर्मात्या जेंजी कोहन यांनी पायपरचा उपयोग मुख्यतः दार उघडण्यापुरता केला आहे, आणि ते बरेच झाले, कारण सबंध मालिकेत मला सर्वांत कमी रस वाटला तो हिच्यातच. खरी संपत्ती तिच्या आजूबाजूला आहे. बहुतेक भागांत एखाद्या कैदिणीचे बाहेरचे आयुष्य तुकड्यातुकड्यांनी दिसते, आणि रोज एकच भाग पाहिल्यामुळे ती बाई दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करतानाही माझ्या डोक्यात राहत असे.

डॉगेटचेच पाहा. पहिल्या पर्वात ती धर्मवेडी, वंशद्वेष्टी, निव्वळ खलनायिका वाटते. गर्भपाताच्या दवाखान्यातील कर्मचारी टाकून बोलली म्हणून तिने गोळी झाडलेली असते आणि बाहेरचे धर्मनिष्ठ लोक त्यामुळे तिला वीरांगना ठरवतात. तिसऱ्या पर्वात एक पहारेकरी तिच्यावर बलात्कार करतो, तेव्हा तिच्याविषयीचा माझा राग कुठे ठेवावा हे मला कळेना. अखेरच्या पर्वात ती शाळेची परीक्षा देते. वाचनदोषामुळे मिळायला हवा असलेला जादा वेळ एका कर्मचाऱ्याच्या बेफिकिरीने तिला मिळत नाही, आपण नापास झालो असे समजून ती अमली पदार्थ घेते आणि मरते. ती उत्तीर्ण झाल्याचा निकाल नंतर टेस्टी या दुसऱ्या कैदिणीच्या हाती पडतो. तिचा मागचा एकही गुन्हा मालिकेने पुसलेला नाही, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

सोफियाची भूमिका लॅव्हर्न कॉक्स या पारलिंगी अभिनेत्रीने केली आहे, आणि लिंगबदलापूर्वीची सोफिया त्यांच्या जुळ्या भावाने साकारली आहे. पूर्वी अग्निशमन दलात असलेल्या सोफियाने क्रेडिट कार्डांची चोरी केली, त्याची किंमत तिची बायको आणि मुलगा चुकवतात. सोशिकपणाचे कोंदण तिलाही दिलेले नाही. आपल्याकडच्या संध्याकाळच्या मालिकांत बाई एक तर सोसते नाहीतर कारस्थाने करते. इथे तुरुंगाचा स्वयंपाक सांभाळणारी कैदीण रेड एकाच मुदपाकखान्यात दोन्ही करते, म्हणजे मुली मानलेल्या कैदिणींना मायेने सांभाळते आणि स्वयंपाकाला नाव ठेवणाऱ्या पायपरला उपाशीही ठेवते. सूझनच्या भूमिकेसाठी उझो अडूबा यांना विनोदी आणि गंभीर अशा दोन्ही विभागांत दूरचित्रवाणीचे एमी पुरस्कार मिळाले, यावरून त्या पात्राचा पल्ला लक्षात यावा.

तक्रारीही आहेत. तीन दिवसांच्या बंडावर संपूर्ण पाचवे पर्व खर्ची घातले आहे आणि ते रबरासारखे ताणले गेले आहे. तिथे मी आठवडाभर मालिका बंद ठेवली होती. चौथ्या पर्वात पूसी ही कैदीण जेवणघरात पहारेकऱ्याच्या गुडघ्याखाली गुदमरून मरते, आणि त्याच भागात त्या पहारेकऱ्याच्या कोवळ्या वयाची गोष्ट आपल्याला सांगितली जाते. लेखकांचा हेतू मला समजतो. तरीही तेवढी मिनिटे पूसीला मिळायला हवी होती, असे आजही वाटते.

शिव्या, नग्नता आणि हिंसा मुबलक असल्याने घरात मुले असतील तर हेडफोन लावून आणि एकट्यानेच पाहावी. स्पॅनिश संवादही बरेच आहेत, त्यामुळे इंग्रजी सबटायटल्स पहिल्या भागापासूनच सुरू ठेवावीत. मी ती उशिरा लावली आणि ग्लोरियाच्या तोंडचे काही उत्तम टोमणे त्यात हुकले.