स्टिकर बघून हेल्मेट घेतलं

मुलगा अकरा वर्षांचा. यंदा क्रिकेटमध्ये टेनिस बॉलवरून लेदरच्या बॉलवर आला, तसं सरांनी बजावलं, हेल्मेटशिवाय नेटमध्ये यायचं नाही. त्याच संध्याकाळी आम्ही नागपूरच्या बाजारात, बर्डीवर.

दुकानदार भारी गोडबोल्या. "पोट्टं वाढून राह्यलं नं भाऊ, एक साइज मोठंच घ्या." वर "फिलिप ह्यूज आठवते नं?" म्हणत मानेचं गार्डही गळ्यात मारलं. २०१४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन ह्यूजला बॉल डाव्या कानाखाली, मानेवरच लागला होता अन् त्यात तो गेला, हे खरं. पण त्याच्या नावावर मला विकलेलं गार्ड म्हणजे वेल्क्रो लावलेला गादीचा स्पंज. हेल्मेटची छापील किंमत ३,२००, "तुमच्यासाठी १,९००". पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणे. तिथंच उठायला पाहिजे होतं.

सकाळी सरांनी हेल्मेट हातात घेतलं. काही न बोलता किटमधून बारक्या पोरांचा पावणेपाच औंसाचा बॉल काढला आणि वरची पट्टी अन् जाळी यांच्यामधल्या फटीत अंगठ्यानं दाबला. टपकन आत! पोराचं नाक असतं तिथं. साडेपाच औंसाचा मोठा बॉल मात्र अडकला.

बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकात हेच तपासतात, सरांनी सांगितलं. बॉल मारून बघतात, फटीतून घुसतो का, जाळी दबून तोंडाला टेकते का. मोठ्यांच्या बॉलवर तपासलं की लहानांच्या, तेही लेबलवर असतं. आमच्या स्टिकरवर नुसतं 'बीएस ७९२८'. साल नाही, बॉलचं काहीच नाही. मी नखानं खरवडलं तर कोपरा उचकटला, खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव!

अन् ते 'वाढत्या' मापाचं हेल्मेट पोरगा धावला की डोळ्यांवर यायचं.

दुकानात अर्धा तास तोंड वाजवलं. "वापरलेला माल परत नाही." शेवटी हेल्मेट ठेवून घेतलं आणि बदल्यात ग्लोव्ह्जची जोडी टेकवली. घेतली, काय करता. नवं हेल्मेट धरमपेठेतून आणलं, ३,४०० ला, पक्क्या बिलावर. कपाळाभोवती भुवयांच्या जरा वरून टेप फिरवून माप घेतलं. जाताना खिशात बारका बॉल होताच. दुकानदार बघतच राहिला, पण दोन हेल्मेटं मी फटीत बॉल दाबूनच बाजूला सारली.

पंधरा दिवसांनी बर्डीवरून जात होतो. त्या दुकानाबाहेर दोरीला तेच हेल्मेट लटकलेलं. स्टिकरचा कोपरा फेविक्विकनं बसवलेला, माझ्या नखाचा ओरखडा तसाच.