छज्ज्याचे काँक्रीट आणि दर्शनी टाइल्स : इंदिरानगरमधील दुरुस्तीचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीत छज्ज्याखालचे काँक्रीट निखळून सळया उघड्या पडल्या होत्या आणि जिन्याकडील भिंतीवरच्या शोभेच्या टाइल्स एकामागून एक खाली येऊ लागल्या होत्या. ज्या स्थानिक ठेकेदाराने हे काम केले, त्याच्याविषयी समाधानाने लिहावेसे वाटते. कारण पडलेला भाग लिंपण्याआधी तो का पडला, हे शोधण्याची तसदी त्याने घेतली.

त्याने सगळी भिंत हातोडीने हलकेच ठोकून पाहिली आणि जिथे आत पोकळी असल्याचा बद्द आवाज आला तिथे खडूने खुणा केल्या. खाली पडलेली एक टाइल त्याने उलटी करून दाखवली, तेव्हा मधोमध सिमेंटचा गोळा आणि चारही कडा कोऱ्या असे दृश्य होते. त्या कोऱ्या जागेत पावसाचे पाणी शिरत होते.

छज्ज्याचा उतार भिंतीकडे असल्यामुळे तिथे पाणी साचत असे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट आतून ढकलून देतो; म्हणून नुसता गिलावा केल्यास तोही काही काळाने सुटतो. ठेकेदाराच्या मिस्त्रींनी सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत छिलून काढले, सळया तारेच्या ब्रशने घासून त्यांना झिंकयुक्त प्रायमर लावला आणि पॉलिमरयुक्त मॉर्टर एकदम न थापता थराथराने भरले. नंतर ओले गोणपाट बांधून ठेवले, उतार बाहेरच्या बाजूला काढला आणि पाणी भिंतीकडे न ओघळता खाली ठिबकावे म्हणून छज्ज्याच्या कडेखाली खाच ठेवली. ही खाच मला सर्वांत मोलाची वाटते.

नाशिकला उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्याच्या पहाटे कधीकधी 10 अंशांच्याही खाली जातो, त्यामुळे बाहेरच्या टाइल्स सतत प्रसरण-आकुंचन पावतात आणि सांधे नसतील तर एकमेकींना रेटतात. जुन्या टाइल्सच्या पाठीवरचे सिमेंट खरवडून, आय. एस. 15477 या भारतीय मानकाचे टाइल चिकटवण्याचे अ‍ॅडेसिव्ह खाचांच्या थापीने भिंतीवर व टाइलच्या पाठीवरही पसरून, 3 मिलिमीटरचे सांधे सोडून त्या पुन्हा बसवल्या. पाठ पूर्ण भरली की नाही हे पाहण्यासाठी नुकतीच बसवलेली एक टाइल मुकादमाने स्वतः उचकटून तपासली.

उणिवाही आहेत. सांधे भरण्याच्या नव्या मसाल्याचा (ग्राउटचा) रंग जुन्याशी जुळलेला नाही, धूळ रोखण्यासाठी पडदा बांधला नव्हता आणि कोटेशनमध्ये परांचीचा खर्च वेगळा दाखवलेला नव्हता. तो विचारल्यावर कळला. ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे, त्यांनी तो आधीच लिहून घ्यावा आणि परांची उभी असतानाच वरच्या मजल्यांवरील टाइल्सही ठोकून तपासून घ्याव्यात.