चोचीचं मेणभांडं: तीन दिवाळ्या वापरून झाल्यावर

दर दिवाळीला मी पाच-सहा किलो मेणाच्या मेणबत्त्या करते. थोड्या सोसायटीत जातात, बाकीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी नेतात. हे चोचीचं, लांब दांड्याचं अॅल्युमिनियमचं भांडं ऑनलाइन ६४० रुपयांना घेतलं होतं.

का घेतलं ते आधी सांगते. पहिल्या वर्षी मी मेण स्टीलच्या पातेल्यात घालून थेट गॅसवर ठेवायचे. एका संध्याकाळी फोन आला म्हणून गॅलरीत गेले. परत येते तो पातेल्यातून पांढरा धूर! घाबरून मी पाण्याचा तांब्या उचलला. मागून सासूबाई ओरडल्या, "पाणी नको गं! आधी गॅस बंद कर!" आणि त्यांनी कणकेची परात पातेल्यावर पालथी घातली. तासभर त्यांनी कुणाला त्या पातेल्याला हात लावू दिला नाही. मेण पेटलेलं असतं आणि तांब्या ओतला असता तर? पाणी मेणापेक्षा जड, ते तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ जळतं मेण भिंतीपर्यंत उडवते. दूध उतू जाण्याआधी वर तरी येतं. मेण ५८-६० अंशांना वितळतं आणि पुढे कितीही तापलं तरी तसंच शांत, पातळ दिसत राहतं. दोनशेच्या पुढे गेलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते.

म्हणून हे भांडं पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. उकळतं पाणी आमच्या पुण्यात ९८ अंशांच्या आसपासच थांबतं, त्यामुळे मेणही त्यापुढे जात नाही. पातेल्यात पाणी आहे तोवरच, हे मात्र विसरायचं नाही. मी दर दहा मिनिटांनी पाणी बघते.

आता भांड्याबद्दल. चोच फार छान आहे. बारीक, सलग धार पडते, छोट्या साच्यातही मेण बाहेर सांडत नाही. दांडा गरम होत नाही, रिबिटं अजून घट्ट आहेत.

पण जाहिरातीत "१ किलो मेणासाठी" लिहिलंय ते मला मुळीच पटलेलं नाही. भांडं १.२ लिटरचं. एक किलो मेण वितळलं की साधारण १३०० मिली होतं, म्हणजे काठावरून बाहेर, खाली ज्योत! मी एका वेळी ७०० ग्रॅमच घेते. विकणाऱ्यांनी हा आकडा बदलायलाच हवा, कारण नवीन माणूस त्यावर विश्वास ठेवून पूर्ण किलो टाकेल.

दुसरी अडचण म्हणजे हलकेपणा. मेण कमी असलं की भांडं पाण्यात तरंगतं आणि कलंडतं. मी पातेल्याच्या तळाशी कुकरची जाळी ठेवते, पाणी तीन बोटंच घेते आणि आच मंद ठेवते. जाळीमुळे बूडही थेट तापलेल्या तळाला टेकत नाही.

झाकण सोबत येत नाही, हीसुद्धा मोठी उणीव. वाफेचे थेंब मेणात पडले की मेणबत्ती तडतडते, वात विझते. आणि मेण पेटलंच तर झाकण हाताशी असलंच पाहिजे. मी तुळशीबागेतून मापाचं स्टीलचं झाकण आणलं, ८० रुपयांना. ओतण्याआधी भांड्याचं बूड कोरड्या फडक्याने पुसायचं, नाहीतर बुडाचे थेंब साच्यात जातात. माझ्या पहिल्या बारा मेणबत्त्या अशाच वाया गेल्या.

बरोबर आलेला थर्मामीटर उकळत्या पाण्यात १०६ दाखवत होता, तो मी ठेवून दिला. वेगळा घेतला. सुगंधी तेल ८० अंशांच्या आसपास घालते, ओतते ७५ला.

मधल्या काळात जुना शिट्टीचा दूध-कुकर वापरून पाहिला. पाणी दुहेरी भिंतीत असतं, त्यामुळे मेणात थेंब पडत नाही, आणि मेण वितळतं अगदी एकसारखं. पण त्याला चोच नाही, ओतताना हात थरथरतो. शिवाय भिंतीतलं पाणी संपलं की शिट्टी गप्प होते, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. एकदा मेण घातलं की त्यात पुन्हा दूध तापवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

धुताना मेण सिंकमध्ये जाऊ देऊ नका, पाइपात थिजतं. मी भांडं गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेते. पातेल्यातल्या पाण्यावर मेणाचा तवंग आला तर रात्रभर ठेवते. सकाळी वर पापडी धरलेली असते, ती उचलून पुढच्या खेपेला वापरते.

पाचपैकी साडेतीन तारे देते. झाकण दिलं आणि किलोचा आकडा खरा छापला तर मी आणखी एक घेईन, कारण रंगीत मेणासाठी मला दुसरं भांडं हवंच आहे.